बाहेर श्वास घेता येत नसेल, तर आत कसं जगायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पृथ्वीवरची हवा श्वास घेण्यालायक राहिली नाही आणि थोडी माणसं एका बंद जागेत उरली, तर ऑक्सिजनचा किती साठा लागेल? ती किती काळ तग धरतील? आणि पृथ्वीच मरणाला टेकलेली असताना त्यांनी आशा कशाची धरायची? विचारणाऱ्याने शेवटी लिहिलंय की हा विचार डोक्यात शिरल्यापासून रात्री नीट झोप लागत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी बावीस वर्षं पाणबुडीवर गेली, आणि त्यातली बहुतेक आतली हवा सांभाळण्यात. बाहेर श्वास घेता येत नाही, आत तीच ती हवा पुन्हा पुन्हा वापरायची, हे आमचं रोजचं काम. आमच्या डोक्यावर पाणी होतं, तुमच्या प्रश्नात मेलेलं आभाळ आहे. आणखी एक फरक आहे आणि तो मोठा आहे: आम्ही परत येणार असायचो. त्याबद्दल शेवटी बोलू.

आधी तुमच्या झोपेचं बघू. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के आहे, म्हणजे दर दहा लाख रेणूंमागे सुमारे २ लाख ९ हजार. आपण जे इंधन जाळतो त्यामुळे यातले वर्षाला साधारण चार रेणू कमी होतात. राल्फ कीलिंग या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे मोजमाप चालवलं आहे. घट खरी आहे, पण साठ्यापुढे ती नगण्य आहे. काझुमी ओझाकी आणि ख्रिस्तोफर राइनहार्ड या दोन शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या गणितानुसार ऑक्सिजनने भरलेलं हे वातावरण अजून सुमारे १ अब्ज वर्षं टिकेल. पुढे सूर्य तापत जाईल, हवेतला कार्बन डायऑक्साइड घटेल, वनस्पती उपाशी मरतील आणि मग ऑक्सिजन झपाट्याने ओसरेल. तेव्हा आज रात्री दिवा मालवून झोपा. हवामान बिघडतंय, हवा प्रदूषित होतेय, त्याची काळजी जरूर करा, पण ऑक्सिजन संपण्याची भीती बाळगू नका.

आता मूळ प्रश्न खरा धरून चालतो, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

पहिल्यांदा विचारायचं ते हे, की बाहेरच्या हवेला नेमकं झालंय काय. सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे. हवेत विष किंवा राख मिसळली असेल तर योग्य गाळणी लावून बाहेरचीच हवा आत घेता येते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवला की फटींतून विष आत शिरत नाही. ऑक्सिजनच नसेल तर मात्र कुठलाही गाळणीचा मास्क कामाचा नाही. गाळणी हवेतून काही काढू शकते, हवेत काही घालू शकत नाही. बंद टाक्यांत उतरून माणसं मरतात ती बऱ्याचदा हे न कळल्यामुळे. आणि हवेचा दाबच गेला असेल तर गोष्ट फार अवघड: दाब साधारण ६.३ किलोपास्कलच्या, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या सोळाव्या भागाच्या, खाली गेला की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं. मग पूर्ण दाबाचा पोशाख घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकता येणार नाही.

मी पुढे लिहितोय ते मधली परिस्थिती धरून: दाब आहे, नायट्रोजन आहे, ऑक्सिजन नाही. अशा जगात काही गोष्टी विचित्र असतील. बाहेर आग लागणार नाही. लोखंड जवळपास गंजणार नाही, त्यामुळे टाकून दिलेली अवजारं आणि यंत्रं बराच काळ शाबूत सापडतील. पण डिझेलचं इंजिन बाहेर सुरू होणार नाही, आणि आत सुरू केलंत तर ते तुमचाच ऑक्सिजन खाईल. म्हणजे वीज ऊन, वारा, वाहतं पाणी, जमिनीतली उष्णता नाहीतर अणुभट्टी यांच्याकडूनच घ्यावी लागेल. वीज कुठून येणार हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी ऑक्सिजनचे सिलिंडर मोजत बसण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या प्रश्नातली मुख्य गफलत. जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ऑक्सिजन किती लागेल? बंद जागेत माणसाला आधी गाठतो तो त्याने स्वतः सोडलेला श्वास.

तीन मीटर रुंद, चार मीटर लांब, अडीच मीटर उंच अशी एक खोली घ्या. ३० घनमीटर हवा. दारं-खिडक्या पूर्ण बंद, एक फटही नाही, आत एक माणूस. तो दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. चोवीस तासांनी खोलीत कार्बन डायऑक्साइड १.८ टक्क्यांवर जातो. अठ्ठेचाळीस तासांनी साडेतीनच्या वर. त्या वेळी ऑक्सिजन किती उरलेला असतो? जवळपास १७ टक्के. पावणेदोन हजार मीटर उंचीवरच्या गावात माणसाच्या फुफ्फुसांना साधारण तेवढाच मिळतो आणि तिथे लोक शेती करतात, मुलं मैदानात पळतात. पण आपल्या खोलीतला माणूस तोवर डोकं धरून बसलेला असतो आणि बसल्या जागी धापा टाकत असतो. ऑक्सिजन पुरेसा असूनही.

कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ०.५ टक्के धरतात. ३ टक्क्यांच्या आसपास डोकेदुखी आणि धाप येते. ७ च्या वर गेलं की माणूस थोड्या वेळात शुद्ध हरपतो. पण या आकड्यांच्या आधी एक गोष्ट घडते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका सरावात आम्ही हवा शुद्ध करणारी यंत्रणा मुद्दाम बंद ठेवली होती. एक तरुण खलाशी, हिशोबाला एकदम पक्का, नोंदवहीत दोन आकड्यांची बेरीज करत होता. तीनदा केली, तीन वेगवेगळी उत्तरं आली. चौथ्यांदा त्याने पेन्सिल टेबलावर आपटली. मी मीटर पाहिला: कार्बन डायऑक्साइड २.६, ऑक्सिजन १८. त्याला विचारलं, काय होतंय? म्हणाला, "काही नाही सर, ही पेन्सिलच खराब आहे." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्या दिवसापासून माझ्या पाळीत मी एक नियम ठेवला. दोघांचं भांडण झालं की आधी मीटर बघायचा, मग चूक कोणाची ते ठरवायचं. तुमच्या बंद जागेतल्या माणसांनाही मी पहिल्या दिवशी हेच सांगेन. बिघडलेल्या हवेत माणसाला हवा बिघडल्याचं कळत नाही. त्याला शेजारचा माणूस बिघडल्यासारखा वाटतो.

हा कार्बन डायऑक्साइड काढायचा कसा? सोपा उपाय म्हणजे सोडा लाइम किंवा लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. पंख्याने हवा त्यातून फिरवायची, डबा वायू शोषून घेतो. पण एका माणसाच्या एका दिवसासाठी लिथियम हायड्रॉक्साइड सव्वा किलोच्या आसपास लागतं आणि ते परत वापरता येत नाही. वर्षाला माणशी साडेचारशे किलो. संकटाच्या आठवड्यासाठी ठीक, आयुष्यासाठी नाही. जिथे लांबचा विचार आहे तिथे असा पदार्थ हवा, जो थंड असताना वायू धरतो आणि तापवला की सोडतो. काही पाणबुड्यांत त्यासाठी अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण असतं. त्याचा वास कपड्यांत असा मुरतो की घरी गेल्यावर दारातच ओळखू येतं, हा बोटीवरून आलाय. अंतराळ स्थानकात हेच काम झिओलाइट नावाचा सच्छिद्र पदार्थ करतो. दोन्हींना वीज लागते, दोन्ही वर्षानुवर्षं चालू शकतात.

एक छोटी वाटणारी गोष्ट इथेच सांगतो. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ मध्ये बिघाड झाला आणि तिघांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला, तेव्हा हवा शुद्ध करणारे डबे शिल्लक होते, पण मुख्य यानातले, चौकोनी. छोट्या यानातली जागा गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी जोडून त्यांनी वेळ निभावली. तुमच्या बंद जागेत प्रत्येक डबा, प्रत्येक नळी, प्रत्येक स्क्रू एकाच मापाचा ठेवा. हे आधी ठरवलं तर जुगाड करायची पाळी येत नाही.

ऑक्सिजनचं उत्तर त्या मानाने सोपं आहे, आणि मला तरी ते सुंदर वाटतं. एक लिटर पाण्यात जवळपास ८९० ग्रॅम ऑक्सिजन असतो. वीज सोडून पाणी फोडलं की तो मोकळा होतो. एक लिटर पाणी, एक माणूस, एक दिवस. त्याला वीज लागते साधारण पाच-सहा युनिट. सोबत हायड्रोजन सुटतो, तो बाहेर सोडायचा किंवा काढलेल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवून पाणी परत मिळवायचं. पॉल साबातिए यांच्या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया अंतराळ स्थानकात वापरली गेली आहे. जोवर समुद्र आहेत आणि वीज आहे, तोवर ऑक्सिजनमुळे कोणी मरायचं कारण नाही.

रासायनिक ऑक्सिजन, म्हणजे जळून किंवा ओलाव्याने ऑक्सिजन देणारे कांडे आणि पत्रे, फक्त अडचणीच्या वेळेसाठी ठेवा आणि त्यांना घाबरून वागवा. १९९७ च्या फेब्रुवारीत रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर अशाच एका कांड्याला आग लागली होती. आणि मिळतोय म्हणून आतला ऑक्सिजन वाढवू नका. २१ च्या जरा खाली असलेलाच बरा, आग मंद राहते. बंद जागेत आग ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे, कारण पळून जायला जागा नसते.

"झाडं लावली की झालं ना?" असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये बायोस्फिअर २ नावाची काचेची बंद इमारत आहे, सव्वा हेक्टरहून थोडी मोठी. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षं राहिली. शेत, झाडं, छोटा समुद्रसुद्धा आत होता. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १४ टक्क्यांवर आला आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून सोडावा लागला. चोर दोन होते. शेतासाठी भरलेली कसदार माती, जिच्यातले जिवाणू भरभरून श्वास घेत होते. आणि काँक्रीट, जे त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत होतं, त्यामुळे तो झाडांच्या वाट्याला येऊन त्याचा पुन्हा ऑक्सिजन होत नव्हता. भिंत हवा खाते, हे आधी कोणाच्या हिशोबात नव्हतं.

म्हणून बंद जागेत झाडाकडे अन्न म्हणून बघा, हवा म्हणून नाही. हिशोब असा आहे की एक माणूस वर्षभर खाईल तेवढं पीक काढलं आणि ते सगळं खाल्लं, तर त्याच्या श्वासापुरता ऑक्सिजन त्यातून आपोआप निघतो. पण देठ, मुळं, पालापाचोळा कुजवला की तेवढा ऑक्सिजन परत जातो. शेवाळ त्या बाबतीत काटेकोर आहे, कारण त्याला देठ नाही. सायबेरियात क्रास्नोयार्स्क इथल्या बायोस-३ या बंद प्रयोगशाळेत १९७२ पासून माणसं शेवाळाच्या टाक्या आणि पिकं यांच्या भरवशावर काही महिने राहिली. बीजिंगच्या युएगोंग-१ या तशाच प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या गटांनी आळीपाळीने ३७० दिवस काढले. होतं, पण सतत लक्ष ठेवून.

मग तुमची माणसं शेवटी कशाने अडतील? माझं उत्तर: सुट्या भागांनी. रबराची वॉशर कडक होते. पंख्याची बेअरिंग झिजते. आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतो, पण मरताना सांगत नाही, नुसता चुकीचा आकडा दाखवत राहतो. म्हणून मीटर पडताळायची हाताची पद्धत माहीत पाहिजे. चुन्याची निवळी आपण शाळेत पाहिलेली असते. ठरावीक निवळीतून हवा ठरावीक वेगाने सोडायची आणि ती दुधाळ व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं. वेळ कमी होत चालला की कार्बन डायऑक्साइड वाढतोय. आम्ही हे आठवड्यातून एकदा करायचो, मीटर नवा असला तरी. ज्या वस्तीला निवळी करता येते, रबर ओतता येतं, तार ओढता येते आणि बेअरिंग घासता येते, ती टिकेल. जिच्याकडे फक्त भरलेलं कोठार आहे ती कोठाराएवढीच टिकेल. "किती काळ" याचं माझ्याकडे एवढंच प्रामाणिक उत्तर आहे.

आता आशेचं. हे लिहिताना माझा हात जड होतो, तरी लिहितो.

१२ ऑगस्ट २००० ला कुर्स्क ही रशियन पाणबुडी स्फोटाने बुडाली. नवव्या कप्प्यात तेवीस जण जिवंत जमले होते. त्यांच्यातल्या दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत एक चिठ्ठी लिहिली. वाचण्याची शक्यता १० ते २० टक्के दिसते, असं त्याने त्यात सरळ लिहिलं. तेवीस जणांची नावं लिहिली. आणि लिहिलं, सगळ्यांना नमस्कार, निराश व्हायचं कारण नाही. त्यातलं कोणी वाचलं नाही. ऑक्सिजन देणाऱ्या रसायनाला तेलकट पाणी लागून आग भडकली. पाणबुडीवर काम केलेल्या प्रत्येकाला ही चिठ्ठी माहीत आहे. मला तिच्यातला नमस्कार जितका आठवतो, त्याहून जास्त ती नावांची यादी आठवते. त्या अंधारात त्या माणसाने हजेरी घेतली.

दुसरीकडे, ५ ऑगस्ट २०१० ला चिलीतल्या सान होसे खाणीत ३३ जण सुमारे ७०० मीटर खोल अडकले. वरच्यांना ते जिवंत असल्याचं कळायला सतरा दिवस लागले. बाहेर यायला एकूण ६९. पाळीप्रमुख लुईस उर्सुआ यांनी अन्न मोजून वाटलं, माणसांचे गट पाडले, पाळ्या लावल्या. सुटका होईल की नाही हे माहीत नसताना कोणीतरी उद्याच्या पाळीवर होतं.

बंद जागेत मी पाहिलेली आशा अशीच असते. ती मनात आधी येत नाही. रात्री तीन वाजता उठून रीडिंग घ्यायचंय, आणि आपण घेतलं नाही तर झोपलेले वीस जण उठणार नाहीत, हे ज्याला माहीत आहे तो उठतो. त्याला त्या क्षणी आशा वाटते की नाही हे कोणी विचारत नाही. काही दिवसांनी त्याला वाटायला लागते. उलटं होताना मी पाहिलेलं नाही. आधी धीर देऊन मग काम करायला लावायचं ठरवलं, तेव्हा दोन्ही फसलं.

आता तो मोठा फरक. आम्ही परत यायचो, तुमच्या प्रश्नातल्या माणसांना परतायला जागा नाही. त्यांना खोटं सांगू नका. पृथ्वीवर ऑक्सिजन पहिल्यांदा साचायला लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी, सूक्ष्म जिवाणूंच्या कामातून, आणि आजच्या पातळीला यायला पुढे अब्जावधी वर्षं गेली. उघड्या आभाळाखालचा श्वास त्या माणसांच्या वाट्याला येणार नाही, त्यांच्या नातवंडांच्याही नाही. "एक दिवस दार उघडेल" या भरवशावर उभी केलेली वस्ती, तो दिवस येत नाही हे कळल्यावर आतून मोडते.

पण जगण्यालायक जागा वाढवता येते, आणि हे मी नुसतं धीर द्यायला सांगत नाही. खोलीचा आकार दुप्पट केला आणि माणसं तेवढीच ठेवली, तर यंत्र बंद पडल्यावर दुरुस्तीला मिळणारा वेळ दुप्पट होतो. एका खोलीच्या दोन झाल्या, मग चार झाल्या, की माणसं रात्रभर झोपू शकतात. बिघडलेल्या जमिनीचा एखादा तुकडाही सावरता येतो. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कार्बन डायऑक्साइडचा लोट निघाला आणि खालच्या खोऱ्यांत सुमारे १,७०० माणसं गेली. २००१ मध्ये तिथे सरोवराच्या तळापर्यंत एक उभा पाइप सोडला. तेव्हापासून तळाचं वायूने भरलेलं पाणी कारंज्यासारखं वर येऊन त्यातला वायू थोडा थोडा मोकळा होत राहिला.

तुम्ही विचारलंत, त्यांनी वाट कशाची बघायची. पुढच्या खोलीची. ती बांधून झाली, सांधे तपासले, दाब धरला, आत पीक उभं राहिलं, की मधलं दार उघडायचं. त्या दिवशी सगळे दाराशी जमतील, लहान मुलंसुद्धा. एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. खूप दिवस बंद हवेत राहिलेल्या माणसाला ताजी हवा आधी घाण वाटते. आम्ही वर येऊन झाकण उघडायचो तेव्हा समुद्राच्या स्वच्छ हवेने कित्येकांना मळमळायचं, नवा पोरगा तर नाक दाबून मागे सरायचा. त्या नव्या खोलीतून ओल्या मातीचा आणि पानांचा वास येईल आणि कोणीतरी घाबरून म्हणेल, दार लावा, आत काहीतरी बिघडलंय. दार लावायच्या आधी त्यांना मीटर वाचायला सांगा. मग निवळी.